डोळे की डबा?

घरात दोनच म्हाताऱ्या असल्या म्हणजे वादाला विषय फार नसतात. भाजी कोणती करायची, पंखा कितीवर ठेवायचा आणि टीव्हीचा आवाज किती असावा, एवढ्यावर आमचं भागतं. (पैकी पंखा तेवढा माझ्या ताब्यात आहे.) पण गेले दोन महिने आमच्याकडे एक नवाच वाद चालू होता. टीव्हीचा जुना सेट टॉप बॉक्स बदलून एचडीचा घ्यावा की घेऊ नये?

हसू येईल तुम्हाला. साडेबाराशे रुपयांचा तर प्रश्न! पण आमच्या घरात तो साधा राहिला नाही, त्याची कारणं सांगते.

आमच्या घरात म्हणजे मी आणि वन्सं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची, सांगलीच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली. वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, एक्क्याऐंशी पूर्ण. हे गेल्यावर घर मोठं वाटू लागलं आणि वन्संनाही त्यांच्या घरी एकटीला करमेना. तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो. वाणसामान, दूध, विजेचं बिल, टीव्हीचा रिचार्ज, सगळं निम्मं निम्मं. वन्सं यात पैशाचीही सूट घेत नाहीत आणि देतही नाहीत.

गेल्या हिवाळ्यात वन्संच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. एक मार्गशीर्षात, दुसरा पौषात. पट्टी निघाल्यावर पहिले आठ दिवस त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता. "अगं, ही भिंत पिवळी नाही, पांढरी आहे की!" असं म्हणाल्या. कुंडीतल्या जास्वंदीचा लाल रंग त्यांना नव्याने दिसला. माळ्याच्या कोपऱ्यातली जळमटंही दिसली, आणि ती मला रोज दाखवली जाऊ लागली. म्हटलं, चला, ऑपरेशन यशस्वी झालं.

मग एके दिवशी संध्याकाळची मालिका पाहता पाहता त्या म्हणाल्या, "अगं, हा डोळा काही नीट झाला नाही बघ. माणसांच्या तोंडावर साय धरल्यासारखी दिसते."

आधी मी फारसं मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि मग वन्संनी रात्री पोथी वाचणं थांबवलं. का, तर "उरलीसुरली नजर जपून वापरावी." तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवलं. कारण माझ्या सासूबाईंची, म्हणजे वन्संच्या आईची नजर शेवटी पूर्ण गेली होती, आणि त्यांचं हातपाय धुण्यापासून ताटात वरण कुठे आणि भाजी कुठे हे सांगण्यापर्यंत सगळं वन्संनी केलं होतं. तेव्हा त्या जे पाहत होत्या ते त्यांना आता स्वतःच्या पुढ्यात दिसत होतं. बोलल्या नाहीत त्या. पण भिंतीला हात लावून चालायची सवय करू लागल्या, हे मी पाहिलं.

डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी थेंब घालून सगळं तपासलं. मोतीबिंदू काढल्यावर काही जणांच्या भिंगामागचा पडदा कालांतराने जाड होतो, तसंही काही नव्हतं. उजवा डोळा सहा-सहा, डावा सहा-नऊ. या वयाला उत्तमच. वाचल्याने डोळे झिजत नाहीत, खुशाल वाचा, असंही त्यांनी सांगितलं. वन्सं जिना उतरताना म्हणाल्या, "डॉक्टर असंच म्हणणार गं. त्यांनीच केलंय ना ऑपरेशन."

तेव्हा प्रश्न असा उरला की दोष डोळ्यांचा नसेल तर कुणाचा?

आमच्या पिढीने टीव्हीचे सगळे अवतार पाहिले आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण ते आम्हा सांगलीकरांना नुसतं वर्तमानपत्रात वाचायला मिळालं. १९८२ च्या एशियाडच्या वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण आलं. १९८४ मध्ये गावोगाव भराभर प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि मग आमच्यासारख्या शिक्षकांच्या घरीही हप्त्याने ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आले. पडद्यावर मुंग्या दिसायला लागल्या की घरातला एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात आणि मी टीव्हीपुढे. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं, सोडू नकोस!" अशी साखळी चालायची. त्या काळी चित्र खराब दिसलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कुणी गेलेलं मला आठवत नाही. दोष अँटेनाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता अँटेना नाही, मुंग्या नाहीत, चित्र हलतही नाही. त्यामुळे दिसतंय ते बरोबरच असणार आणि चुकत असतील ते आपले डोळे, असं वाटत असावं.

आमच्या गच्चीवर छत्री आली ती २००८ साली. तेव्हा घरात जाडजूड डब्याचा जुना टीव्ही होता. २०१७ मध्ये चिरंजीवांनी चाळीस इंची सपाट टीव्ही आणून भिंतीवर टांगला. टीव्ही नवा आला, पण त्याला चित्र पुरवणारा बॉक्स मात्र जुनाच राहिला, तीच लाल-पांढरी-पिवळी वायर लावून. आणि आम्ही दोघी नव्या टीव्हीवर खूष होतो! मोतीबिंदूमुळे वन्संना फरक कळत नव्हता, आणि मी मालिका निम्मी ऐकते, निम्मी विणते.

मग मी वही घेऊन बसले. गणित माझा विषय नव्हे, पण गुणाकार येतो. जुन्या बॉक्समधून येणारं साधं चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. एकूण ४,१४,७२०. पूर्ण एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०. एकूण २०,७३,६००. म्हणजे बरोब्बर पाचपट! आमच्या टीव्हीच्या पडद्यावर तेवढे वीस लाखांवर ठिपके आहेत, आणि वरून येतात चार लाख. उरलेले टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो.

हे वन्संना समजावायला ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दुसरं उदाहरण नाही. उंबऱ्यापुढे काढायची लहान रांगोळी तेवढेच ठिपके लांब लांब टाकून अख्ख्या अंगणभर काढली तर काय होईल? कमळ कमळच राहील, पण पाकळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या होतील. आमच्या टीव्हीवर तेच चाललं होतं. शिवाय एका उपग्रहावरून शेकडो वाहिन्या पाठवायच्या म्हणून प्रत्येक चित्र दाबून-चेपून पाठवतात. साध्या वाहिन्यांच्या वाट्याला जागा आणखीच कमी. माणूस भरभर हलला की तोंडाचे चौकोन होतात ते त्यामुळे.

पण याला दुसरीही बाजू आहे, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपण टीव्हीपासून किती लांब बसतो, यावर सगळं अवलंबून असतं. सहा-सहा नजरेच्या माणसाला दहा फुटांवरून साधारण पाऊण ते एक मिलिमीटरचा तपशील वेगळा कळतो, त्याहून बारीक नाही. आमच्या टीव्हीच्या चित्राची उंची पन्नास सेंटिमीटर. त्यात ५७६ ओळी म्हणजे एकेक ओळ एक मिलिमीटरला थोडी कमी. म्हणजे दहा फुटांवर बसणाऱ्याला साधं चित्रही जवळपास पुरतं. तो एचडीला पैसे घालतो त्यातले बरेच वाया जातात. पण सहा फुटांवरून डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरचं कळतं. तिथे साध्या चित्राच्या ओळी उघड्या पडतात आणि एचडीच्या झाकलेल्या राहतात.

वन्संची खुर्ची किती फुटांवर? मी शिलाईची टेप लावून मोजलं. सहाला दोन बोटं कमी.

मोतीबिंदूच्या दिवसांत त्यांनी ती इंच इंच पुढे ओढली होती. तेव्हा पहिला उपाय फुकटचा केला. खुर्ची दहा फुटांवर, दाराजवळ नेली. सायही कमी झाली! पण दोन दिवसांत खुर्ची परत पुढे आली. तिथून ऐकू येत नाही, आवाज वाढवला की माझं डोकं उठतं, आणि वन्संच्या शब्दांत सांगायचं तर "दारात बसल्यावर पाहुण्यासारखं वाटतं." याला काही उत्तर नाही.

नुसत्या आकडेमोडीने वन्सं बधणाऱ्या नव्हेत. म्हणून एका रविवारी त्यांना समोरच्या बिऱ्हाडात घेऊन गेले. त्यांच्याकडे एचडी बॉक्स आहे. तिथल्या सूनबाईंना सांगून तीच मालिका आधी साध्या वाहिनीवर आणि मग तिच्याच एचडी वाहिनीवर लावायला लावली. वन्संना सहा फुटांवर बसवलं, कुठली कुठली ते सांगितलं नाही. वर्गात परीक्षा घ्यायची सवय आहे ना! दुसऱ्या खेपेला वन्सं खुर्चीत पुढे झुकल्या. म्हणाल्या, "हिच्या नथीतला एक मोती प्लास्टिकचा आहे." मग थोडं थांबून, "आणि देवघरातली फुलंही खोटी."

झालं. डोळे पास!

खरं म्हणजे वाद इथे संपायला हवा होता. पण इथून तो खरा सुरू झाला. कारण आता पैशांचा विषय आला.

चिरंजीवांचं म्हणणं, आता बॉक्सच कशाला? छत्री काढून टाका, इंटरनेट घ्या, मोबाईलसारखी ॲप टीव्हीवर दिसतात, मालिका हवी तेव्हा पाहा. त्याचं चूक नाही. त्याच्या घरात ते सोयीचंच आहे. पण आमच्या वन्संना वाहिनीचा नंबर तोंडपाठ असतो, नाव नाही. रिमोटवर तीन आकडे दाबले की मालिका लागते, हे त्यांना एकटीला जमतं. मी बाजारात गेले असले तरी जमतं. ॲप उघडा, आपलं नाव निवडा, पासवर्ड टाका, जाहिरात टाळा, यासाठी दर वेळी मला हाक मारावी लागली असती. जी गोष्ट माणसाला स्वतःची स्वतः करता येते ती म्हातारपणी काढून घेऊ नये, असं माझं मत आहे.

दुसरा पर्याय दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली, आणि तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. एकदाच छत्री-बॉक्स घ्यायचा की झालं. सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. पण वन्संच्या मालिका ज्या वाहिन्यांवर, त्या पैसे भरून पाहायच्या आहेत. शिवाय एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. सगळे बॉक्स सगळीकडे चालावेत अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एप्रिल २०२० मध्ये केली होती, पण आमच्या माळ्यावरच्या बॉक्सला अजून त्याचा फायदा झालेला नाही.

उरला आहे त्याच कंपनीचा एचडी बॉक्स. मी चौकशी केली. छत्री तीच राहणार, गच्चीवरची वायर तीच. फक्त बॉक्स बदलायचा आणि तीन रंगांच्या वायरऐवजी एचडीएमआय वायर लावायची. (ही वायर विसरू नका. एचडी बॉक्स आणूनही पिवळीच वायर लावून ठेवली तर चित्र साधंच दिसतं, पैसे मात्र एचडीचे जातात.) सगळं मिळून साडेबाराशे.

महिन्याच्या खर्चाचं पाहिलं. ट्रायची सध्याची पद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तेव्हापासून प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर असते आणि हवी ती सुटी घेता येते. सुरुवातीला १०० वाहिन्यांपर्यंत जोडणीचं शुल्क महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता आपल्या कंपनीचा आकडा आपणच विचारून घ्यावा. एचडी वाहिनीची किंमत वेगळी असते. आणि पॅकमध्ये तीच वाहिनी साधी आणि एचडी अशी दोनदा राहिली तर दोन्हींचे पैसे जातात. फोनवरचा मुलगा मला मोठा एचडी पॅक घ्या म्हणून गळ घालत होता. त्यात खेळाच्या आणि इंग्रजी सिनेमाच्या वाहिन्याच जास्त. म्हटलं, बाळा, आमच्या घरी क्रिकेट कुणी पाहत नाही.

मराठीतल्या मालिकांच्या मोठ्या वाहिन्यांना एचडीचं रूप आलं ते २०१६ साली. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, तिघींनाही त्याच वर्षी. आम्हाला त्यांतल्या दोनच लागतात. त्या दोन एचडीत घ्यायच्या, त्यांची साधी रूपं काढायची, बातम्या आणि बाकीचं साधंच ठेवायचं. फरक महिन्याला चाळीसेक रुपयांचा.

एवढं सगळं मांडून मी वही वन्संपुढे ठेवली. त्यांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "एक्क्याऐंशीव्या वर्षी साडेबाराशेचा डबा? किती वर्षं वापरणार मी? आता दिसतंय ना डोळ्यांना, कळलं मला. मग राहू दे."

म्हाताऱ्या माणसांचं हे गणित मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीही ते करते. नवी चप्पल, नवं स्वेटर, दाताची कवळी, सगळ्याला आपण उरलेल्या वर्षांनी भागतो आणि उत्तर नेहमी 'नको' असंच येतं. ऐकणाऱ्याला तो साधेपणा वाटतो. पण आपल्यावर खर्च करण्यात आता अर्थ नाही, असा निकाल आपणच आपल्याविरुद्ध लावत असतो.

मी त्यांना माझ्या वर्गाचं सांगितलं. फळ्यावरचं न दिसणारं मूल दर वर्षी एखादं तरी असायचं. पुष्कळदा ते मठ्ठ समजलं जायचं. स्वतःलाही तसंच समजायचं. त्याला मी पहिल्या बाकावर आणून बसवायची. ते पोर आणखी किती वर्षं शाळेत येणार, मॅट्रिक होणार की मध्येच शेतीला लागणार, हे मी कधी विचारलं नाही. आज त्याला फळा दिसला पाहिजे, एवढंच. "आणि वन्सं," मी म्हटलं, "दोन महिने तुम्ही पोथी उघडली नाहीत. या डब्याने तुम्हाला आंधळं ठरवलं होतं. त्याला घरात ठेवायचं नाही मला."

एचडीमुळे मालिका सुधारणार नाहीत, हेही मान्य आहे. सासू तीच, कारस्थानं तीच, एका लग्नाला तीन आठवडे लागायचे तेवढेच लागणार. पावसाळ्यात ढग दाटून आले की छत्रीची लहर जायची तशीच जाणार. त्या लहरींना मोठा पाऊस सोसत नाही आणि नव्या बॉक्सचाही त्याला इलाज नाही. ज्यांच्या घरी पंचवीस इंची जुना टीव्ही आहे, किंवा जे दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसून टीव्ही पाहतात, त्यांनी हा खर्च करूच नये. पण ज्या घरात म्हातारं माणूस टीव्हीला नाक लावून बसतं आणि "मला नीट दिसत नाही" म्हणतं, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं, आणि डोळे ठीक निघाले तर एकदा टीव्हीमागची वायर कोणत्या रंगाची आहे तेही पाहावं.

वन्संनी दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सव्वासहाशे रुपये मोजून माझ्या बशीशेजारी ठेवले. बॉक्स परवा बसला.

आमच्या घरची खर्चाची वही मी लिहिते. टीव्हीचे पैसे नेहमी 'करमणूक' या सदरात जातात. यावेळी मी ते 'औषधपाणी' या सदरात लिहिले. वन्संनी रात्री पोथीसाठी चष्मा लावला तेव्हा आधी वही उघडली, ते पान वाचलं, बेरीज तपासली आणि काही न बोलता मिटून ठेवली.